वरून भोकरकोंड दिसतं का

त्या उन्हाळ्याच्या माझ्याकडे दोन याद्या आहेत. पहिली कामाची: महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या बत्तीस वाड्या, त्यांतली घरं, गोठे आणि प्रत्येक ठिकाणी फवारा मारल्याची तारीख. दुसरी त्याच डायरीत मागच्या पानापासून उलटी लिहिलेली आहे. तिचा मथळा ‘कामाव्यतिरिक्त’. पहिल्या यादीची स्वच्छ नक्कल मी कचेरीत दिली. दुसरी कुणी मागितली नाही. तीत सतरा नोंदी आहेत आणि सोळांसमोर ‘झाले’ अशी खूण आहे. सतरावीसमोर नाही. पुढची हकिगत मुख्यतः तिची आहे, पण बाकीच्यांतल्या काही सांगितल्याशिवाय ती समजणार नाही.

साल एकोणीसशे साठच्या आगेमागे. आमच्याकडे तेव्हा हिवताप घरोघर होता आणि सरकारने तो घालवायचं मनावर घेतलं होतं. मी चोवीस वर्षांचा, महाडचा, मॅट्रिक झालेला, आणि डीडीटी फवारणाऱ्या एका पथकाचा प्रमुख. पथक म्हणजे माझ्यासकट पाच माणसं, दोन पंप, बादल्या, पावडरीचे डबे आणि दारावर तारीख लिहायला गेरू. चौघे गडी हंगामी होते. पावसाच्या आधी फेर संपला की त्यांना घरी पाठवायचं.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डीडीटी हवेत मारून डास पळवायचे, असं ते नव्हतं. डास माणसाला चावला की जड होतो आणि जवळच्या भिंतीवर जाऊन बसतो. त्या भिंतीवर औषधाचा पातळ थर असला की तो त्याच्या पायांना लागतो आणि तो मरतो. म्हणून घराच्या आतल्या सगळ्या भिंती आणि छपराची आतली बाजू फवारायची. पंपाला माणसं दोन लागत. एकाने बादलीत उभा केलेला पंप पायाने दाबून धरायचा आणि दांडा खालीवर करायचा. दुसऱ्याने लांब नळी घेऊन भिंतीवर वरून खाली, खालून वर असे सरळ पट्टे ओढायचे. ओघळ आला तर औषध जास्त झालं, भिंत ओली दिसली नाही तर कमी. वाळल्यावर भिंतीवर पांढुरकी साय दिसते. ती तशीच ठेवायची. वरून शेणमातीने सारवलं की औषध आत गाडलं जातं आणि डास सारवणावर आरामात बसतो. म्हणून प्रत्येक घरी निघताना एकच वाक्य सांगायचं: दिवाळीपर्यंत सारवू नका.

हे वाक्य त्या उन्हाळ्यात मी किती वेळा बोललो याची नोंद नाही.

अडचणी मुख्यतः तीन. पहिली पाण्याची. औषध कालवायला घरागणिक दोन हंडे पाणी लागे, आणि वैशाखात डोंगरातल्या बायका तेच दोन हंडे अर्धा तास चालून झऱ्यावरून आणत. एका बाईने मला विचारलं होतं, “भिंतीला पाजताव? आमची म्हस तहानेली हाय, ती दिसत नाय?” तिच्या म्हशीसाठी आमच्या दोघांनी खाली जाऊन पाणी आणलं. दुसरी अडचण देवांची. देव बाहेर काढायला कुणी तयार नसे, तेव्हा देव्हाऱ्यावर धोतर टाकून आजूबाजूला फवारायचं. तिसरी ढेकणांची. लोकांना डासांचं फारसं काही वाटत नसे. “डास काय, कधीतरी चावतो,” म्हातारी माणसं म्हणत, “ढेकूण रोज चावतो. आधी खाटेवर मार.” खाटेवर मारायची आम्हाला परवानगी नव्हती. आम्ही मारत होतो.

आता दुसरी यादी. तीतल्या बहुतेक गोष्टी अशा आहेत की दुसऱ्याला वाचून दाखवताना लाज वाटावी. नोंद दोन: सावित्रीच्या डोहात अंघोळ, साबणासह. दिवसभर अंगावर ती पावडर बसे, त्यामुळे ही चैन नव्हती, पण मी ती चैनीत धरली आहे. नोंद चार: दुपारी देवळाच्या फरशीवर उघड्या पाठीने पडणे. नोंद पाच: करवंदं. चालता चालता तोडायची, पानाच्या द्रोणात घ्यायची आणि फोडण्याआधी ओळखायचं, कोंबडा की कोंबडी. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हरणाऱ्याने पुढच्या वाडीपर्यंत पंप वाहायचा. मी साहेब असल्यामुळे पंप वाहणं बरं दिसत नाही, म्हणून मी खेळत नसे, असं मी ठरवलं होतं. डायरीप्रमाणे मी अकरा वेळा हरलो. नोंद आठ: महाडला पावडर आणायला गेल्यावर गोटीसोडा, प्रत्येकी एक, उभ्याने.

नोंद नऊ हिरकणीवाडीची आहे. तिथलं काम दुपारीच आटोपलं. गडाच्या पायथ्याशी उभं राहून गडावर न जाता परत फिरणं कुणालाच बरं वाटेना, म्हणून पंप आणि बादल्या एका बाईच्या पडवीत ठेवून आम्ही पायऱ्यांना लागलो. वर एका धनगरीण बाईने ताक दिलं. आम्ही दरबाराच्या जागेत टोप्या काढून थोडा वेळ उभे राहिलो आणि उतरलो. खाली आलो तर त्या बाईने शेजारणीला पंपावर बसवलं होतं आणि स्वतः नळी घेऊन अंगणात मांडलेल्या खाटांवर फवारा मारत होती. सबंध वाडीच्या खाटा तिथे होत्या, सात आठ. बादलीच्या तळाशी उरलेलं औषध तिने वाया जाऊ दिलं नव्हतं. मी रागावायच्या तयारीत होतो, पण धोंडू पुढे होऊन तिचे पट्टे पाहत राहिला आणि म्हणाला, “साहेब, बाईचा हात सरळ हाय. आपल्या दोघांपेक्षा बरा.” ‘आपल्या दोघांपेक्षा’ म्हणजे दुसऱ्या पंपावरचे दोन गडी. ते दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

हा धोंडू. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, बोलणं कमी. चौघांत नळी धरावी ती त्यानेच. त्याच्या पट्ट्यांवर दोरी लावून पाहावी. त्याचं घर भोकरकोंडात, म्हणजे पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून फुटणाऱ्या एका पायवाटेने तासभर चढून गेल्यावर. तिथे अंगणात उभं राहिलं की समोर महाबळेश्वरच्या कड्याची भिंत आभाळापर्यंत जाते. आम्ही खाली चाळिसेक अंश उन्हात घामाने निथळत असू आणि त्या भिंतीच्या वरच्या काठावर लोक स्वेटर घालून हिंडत असत. हे आम्हाला माहीत होतं आणि दिवसातून एकदा तरी कुणीतरी ते बोलून दाखवी.

एकदा मी धोंडूला विचारलं, तू कधी वर गेला आहेस का?

“गेलोय ना,” तो म्हणाला. “पन्नास वेळा गेलोय. डोकीवर ओझं घेऊन. जुन्या वाटेनं वर चढायचं, बंगल्याच्या मागल्या दारी उतरवायचं, घाम पुसायचा आन खाली यायचं. म्होरल्या अंगाला कोण जाऊ देतंय?”

“पुढच्या बाजूला काय आहे?”

“पाइंट हायत. लोक तितं उभी ऱ्हातात आन खाली बघतात. तासतास बघतात म्हनं.” थोडं चालल्यावर तो म्हणाला, “खाली काय हाय साहेब? आमचीच घरं हायत. मंग मला एकदा बघू दे की, माझं घर वरनं कसं दिसतं. रिकाम्या हातानं. गाडीत बसून.”

मी डायरी काढली आणि सतरावी नोंद केली: ‘महाबळेश्वर. सर्वांनी. एसटीने. काम संपल्यावर.’ धोंडूला वाचता येत नव्हतं, पण मी काय लिहिलं ते त्याने विचारून घेतलं, आणि पुढे आठवड्यातून एकदा तो मला ते पान उघडायला लावी. “हाय ना अजून?” “आहे.” “ऱ्हाऊ दे.”

‘काम संपल्यावर’ हे दोन शब्द माझे होते. त्याचे नव्हते.

काम शेवटच्या शनिवारी संपलं. सोमवारी सकाळी जिल्ह्याहून डॉक्टरसाहेब तपासणीला येणार होते. ते कोणत्याही वाडीत, कोणत्याही घरात शिरत आणि भिंतीवर बोट फिरवून बोट बघत. त्याच दिवशी उरलेली पावडर जमा करून गड्यांना मोकळं करायचं. मधला रविवार रिकामा होता. पश्चिमेला ढग दिसू लागले होते आणि पाऊस लागून घाटात दरड आली की गाडी बंद. म्हणजे रविवार हाच.

रविवारी सकाळी आम्ही पोलादपूरच्या स्टँडवर जमलो. तिघे आधीच आले होते, धुतलेल्या कपड्यांत, ओळखू न येण्याइतके स्वच्छ. गाडी लागली. मी तिकिटं काढली. धोंडू सगळ्यात शेवटी आला. डोक्यावर नवी टोपी, अंगात लग्नाकार्याचा सदरा, पायांत मुलाच्या मुंबईच्या वहाणा. तो गाडीजवळ आला, पायरीवर पाय ठेवला आणि तसाच थांबला.

“साहेब, घर सारवलंय.”

“कुणाचं?”

“माझंच. काल बघितलं, संध्याकाळी घरी गेल्यावर.”

“किती सारवलंय?”

“सगळं. पडवीसकट. वर गेरूचा पट्टापन ओढलाय.”

भोकरकोंड आम्ही मंगळवारी फवारलं होतं. धोंडूने स्वतःचं घर स्वतःच्या हाताने, नेहमीपेक्षा काळजीने फवारलं होतं आणि दिवाळीपर्यंत सारवू नका हे वाक्य बायकोला माझ्यासमोर सांगितलं होतं. तिनेही मान हलवली होती.

त्याने सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. डॉक्टरसाहेब तासभर चढून नेमक्या त्याच घरात शिरले असते असंही नाही. हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं. मी मनातल्या मनात यादी केली. गाडी परत येते दिवेलागणीला, कंदिलाच्या उजेडात फवारा मारता येत नाही. सोमवारी सकाळी वेळ नाही. पंपाला माणसं दोन लागतात. ही यादी करायला मला वेळ लागला नाही, याचं तेव्हा समाधान वाटलं होतं. आता वाटत नाही.

मी तिघांना गाडीत बसवलं. माझं आणि धोंडूचं तिकीट परत दिलं. पंप आणि डबे स्टँडसमोरच्या हॉटेलात ठेवलेले होते. धोंडूने पायरीवरचा पाय काढून खाली ठेवला आणि म्हणाला, “मी पंप घेतो, तुमी डबा घ्या.” गाडी सुटल्यावर घाटाच्या दोन वळणांपर्यंत आम्ही तिच्याच रस्त्याने चालत होतो. ती केव्हाच दिसेनाशी झाली होती. मग आमची पायवाट आली.

भोकरकोंडात धोंडूची बायको, पार्वतीवहिनी, दारात उभ्या होत्या. आम्हा दोघांना पंपासकट बघून त्यांनी आधी आत जाऊन दार लावून घेतलं.

“दार उघड गो,” धोंडू म्हणाला.

“नाय उघडनार. आज पावनी यायची हायत.”

तेव्हा मला कारण समजलं. त्यांचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. त्याला मुलगी सांगून आली होती आणि मुलीकडची माणसं सुट्टीत गावी आली होती ती आज घर बघायला येणार होती. ही गोष्ट धोंडूने मला स्टँडवर सांगितली नव्हती. म्हणजे पाहुणे येणार त्या दिवशी तो महाबळेश्वरला निघाला होता, आणि हे पार्वतीवहिनींना मान्य झालेलं दिसत नव्हतं.

“वहिनी,” मी बाहेरून म्हणालो, “औषध गाडलं गेलंय. पुन्हा मारावं लागेल.”

“ते पांढरं डाग बगून पावनी काय म्हनतील? घराला कोड फुटलाय म्हनतील.”

“हिवताप आला तर काय म्हणतील?”

“तवर लगीन झालेलं आसल.”

हा मुद्दा व्यवहाराला धरून होता. धोंडू पायरीवर बसला, मुलाच्या वहाणा काढून बाजूला नीट ठेवल्या आणि शांतपणे म्हणाला, “बाकीच्यांच्या घरात जाऊन मी सांगतो सारवू नका. उद्या त्यानी विचारलं, तुज्या घरात काय? मंग मी काय सांगू?” आतून कडी काढल्याचा आवाज आला.

सामान बाहेर काढलं. कणगी, भांडी, ट्रंक, दोन कोंबड्या. पाहुणे येण्याआधी उरकावं म्हणून मी स्वतः पंपावर गेलो. मी आजवर फक्त करवंदात हरल्यावर पंप उचलला होता, चालवला नव्हता. अर्ध्या तासात माझा सदरा पाठीला चिकटला. मागची खोली झाली, माजघर निम्मं झालं, आणि अंगणात पाहुणे उभे.

पाच सहा माणसं होती. मुलीचे वडील पुढे, डोळ्यांना काळा चष्मा, मुंबईत वीस वर्षं काढलेले. अंगणातल्या फणसाखाली त्यांना बसवलं. त्यांनी उघड्या दारातून आत पाहिलं. धोंडू नळी घेऊन भिंतीवर पट्टे ओढत होता, आणि मी खाली वाकून दांडा मारत होतो. पायात बूट, हातात घड्याळ.

“हे कोण?” त्यांनी पार्वतीवहिनींना विचारलं.

“मलेरियाचं साहेब हायत.”

“साहेब खुद पंप मारतोय?”

“आमच्या ह्यांच्या हाताखाली हाय तो,” त्या म्हणाल्या.

मी मान वर केली नाही. धोंडूची नळी भिंतीवर तेवढ्यापुरती थांबली. अंगणातून सगळे आत बघत होते. मग त्याने पट्टा पुरा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “जरा जोरात मार रे.”

मी जोरात मारला.

“आमच्या चाळीतपन येतात म्युनिसिपालटीची मानसं,” मुलीचे वडील बाहेर सांगत होते. “पन फर्स्टक्लास काम नाय. इकडं बघा, लाइन कशी सरळ हाय.” पार्वतीवहिनींनी पिकलेला फणस फोडला. पाहुण्यांनी गरे खाल्ले, आम्ही ओटी आणि पडवी संपवली, धोंडूने सांगितल्यावर मी गेरूने दारावर तारीख घातली. मुलगी द्यायचं त्याच बैठकीत ठरलं. कोडाचं नाव कुणी काढलं नाही.

उतरताना अर्ध्या वाटेवर धोंडू म्हणाला, “साहेब, मघाशी ‘रे’ बोललो.”

“हो.”

“चुकलं.”

“पंप हळू चालला होता,” मी म्हणालो.

संध्याकाळी तिघे परत आले. त्यांनी वर धुकं पाहिलं होतं, घोडे पाहिले होते, पॉइंटवर दुर्बीणवाल्याच्या दुर्बिणीतून खालचा रस्ता पाहिला होता. धोंडूसाठी त्यांनी गाजरं आणि लाल मुळे आणले. त्याने ते उपरण्यात बांधले आणि विचारलं, “भोकरकोंड दिसतं का?” त्यांनी पाहिलंच नव्हतं. सोमवारी डॉक्टरसाहेब आले, महाडजवळच्या एका वाडीत दोन घरांत बोट फिरवून परत गेले. बुधवारी पाऊस लागला.

पुढल्या वर्षी माझी बदली झाली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी पत्नीला घेऊन एक दिवस महाबळेश्वरला गेलो. तिला बाजार बघायचा होता. मी तिला आधी पॉइंटवर नेलं, दुर्बीणवाल्याला गाठलं आणि त्याच्या दुर्बिणीतून अर्धा तास खालचं खोरं तपासलं. सावित्रीची कोरडी रेघ दिसली. घाटाचा रस्ता, दोन वळणं, ज्या ठिकाणी आम्ही पायवाटेला लागलो ती जागा, सगळं दिसलं. भोकरकोंड दिसलं नाही. अंगणातून दिसतो तो कडा बाजूचा, पॉइंटांच्या मध्ये डोंगराची एक सोंड आडवी येते. मी तीन ठिकाणी उभं राहून पाहिलं. पत्नीने विचारलं, इथे आपलं कोणी राहतं का? मी म्हणालो, कामाचं आहे.

त्यानंतर महिन्याभराने पोलादपूरच्या स्टँडवर धोंडू भेटला. मी वर जाऊन आलो हे त्याला आमच्या जुन्या गड्यांकडून कळलं होतं. तो लांबूनच चालत आला आणि त्याने रामराम घालायच्या आधी विचारलं, “दिसतं का?”

नोकरीत मी खोटी नोंद एकही केली नाही. हे मी अभिमानाने सांगत आलो आहे आणि ते खरं आहे, कारण पुढची गोष्ट मी डायरीत लिहिली नाही.

“दिसतं,” मी म्हणालो.

“घर?”

“घर दिसतं.”

“आन फणस?”

“फणसपण दिसतो.”

स्टँडवर चार ओळखीची माणसं होती, त्यांच्याकडे वळून धोंडूने सांगितलं, “साहेबांनी बघितलं. दिसतं.” पुढे त्या भागात कुणी भेटला की मला सांगे, वरून भोकरकोंड दिसतं म्हणे, फणसासकट. मी हो म्हणत असे. एकदा खोटं सांगितलं की त्याची निगा राखावी लागते, फवारणीसारखीच.

सात आठ वर्षं गेली. मी महाडला परत आलो होतो. कुणीतरी सांगितलं की धोंडूचा मुलगा आणि सून मुंबईहून टॅक्सी करून आली होती आणि म्हाताऱ्याला वर घेऊन गेली होती, पॉइंट दाखवायला. हे ऐकल्यापासून मी कामाशिवाय पोलादपूरला जाणं टाळलं. काम निघालं तेव्हा गेलो. धोंडू स्टँडसमोरच्या हॉटेलात बाकावर बसलेला होता. थकला होता, पण टोपी तीच, अजून नवी ठेवलेली. समोर चहा. भोवती गावचे तिघे चौघे.

मला बघून तो उठला. मी म्हणालो, “वर जाऊन आलास म्हणे.”

“आलो. गाडीत बसून. रिकाम्या हातानं.”

“बरं वाटलं?”

“थंडी लय.”

पुढचा प्रश्न मी विचारला नाही. बाकावरच्या एकाने विचारला. “मंग काय, दिसलं का रे तुजं घर?”

धोंडूने माझ्याकडे पाहिलं. नळी धरताना पाहायचा तसंच, पट्टा सरळ चाललाय की नाही ते बघत.

“दिसलं ना,” तो म्हणाला. “फणसासकट. दारावर साहेबांनी गेरूनं तारीख घातली होती, तीपन वाचली.”

मग त्याने बाकावर सरकून मला जागा केली आणि आत हाक मारली, “साहेबांना चहा दे.”